साडेतीनशेच्या अलीकडे, पलीकडे

२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापनेचा दिवस. त्या दिवसापासून आपल्याकडच्या मोटारसायकलींच्या दोन जाती झाल्या. इंजिन ३५० सीसीपर्यंतचं असेल तर जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर उतरला. त्याच्यापुढं गेलं की आधी अधिभारासकट ३१ टक्के लागायचे, तिथं थेट ४० लागू लागले. कोल्ड्रिंकच्या बाटलीवर जेवढा कर, तेवढाच आता लडाखला जायच्या गाडीवर. सरकारच्या लेखी साडेतीनशेच्या अलीकडची गाडी गरजेची, पलीकडची चैनीची.

बीड जिल्ह्यात बसून या विषयावर लिहिणं हीसुद्धा चैनच म्हणायची. कोरडवाहू जिल्हा, दसरा झाला की ऊसतोडीला गावंच्या गावं उठून जाणारा. इथं दोनशे किलोच्या टूरिंग गाडीचं पुढं काय करायचं, ही चिंता कितीजणांची असणार? पण संध्याकाळी जालना रोडला थोडा वेळ उभं राहिलं की उंच हँडलच्या, मागं पेट्या अडकवायचे लोखंडी सांगाडे लावलेल्या गाड्या जाताना दिसतात. डॉक्टर, कंत्राटदार, कृषी सेवा केंद्रवाले, आणि निवृत्तीचे पैसे हातात आलेले शिक्षक. अशाच एका सरांची ही हकीकत आहे. "नाव छापू नका, गाव आधीच हसायलंय," असं त्यांनी बजावल्यामुळं त्यांना नुसतं सर म्हणतो.

सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. नोकरीची पहिली वर्षं लुनावर, मग एम-८०, मग हिरो होंडा. मराठवाड्यातल्या कुठल्याही गुरुजींचा वाहनइतिहास साधारण असाच असतो. लुना शेजारच्या नगरच्या कायनेटिक कंपनीची, एम-८० बजाजची. त्या बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ पासूनचा, आणि तिथल्या एमआयडीसीत बीडकडची पोरं किती कामाला आहेत हे दिवाळीत गावाकडं निघालेल्या एसट्या सांगतात. त्याच १९८५ साली हिरो होंडाची सीडी-१०० आली आणि पेट्रोल पंपावर महिन्याला किती पैसे जातात याचा मास्तरांचा हिशेबच बदलून गेला. सगळी हयात ॲव्हरेज मोजण्यात गेल्यावर सरांनी निवृत्तीनंतर एकदाच न मोजता गाडी घेतली. चारशे सीसीच्या पुढची, लांब पल्ल्याची. तिच्यावर ते हंपीला गेले, गोव्याला गेले, हैदराबादला लेकीकडं तर वरचेवर. आता साठीला आलेत आणि मोठी देऊन लहान घ्यावी का, हे त्यांना ठरवता येईना.

सल्ला द्यायला माणसांची कमी नव्हती. पोरगा म्हणाला, विकायची तर लवकर विका. शेजारी म्हणाले, स्कूटी घ्या. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, कारण मला त्यात लेख दिसत होता.

सरांच्या मनात आधी ३५० सीसीची, जुन्या बुलेटच्या वळणाची गाडी होती. कर कमी, दिसायला रुबाबदार, आणि सरकारच म्हणतंय ती लहान आहे. आता हे आकडे बघा. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० भरते ३४९ सीसी; वजन १९५ किलो. त्याच कंपनीची हिमालयन ४५० भरते ४५२ सीसी. वजन १९६ किलो. म्हणजे चैनीतून गरजेत आलात तर अंगावरचा भार एक किलोनं हलका होतो. उलट ट्रायम्फची स्पीड ४००, आपल्या चाकणला बनणारी, ३९८ सीसीची. ती ४० टक्क्यांत बसते आणि तिचं वजन १७६ किलो. कर सिलिंडर मोजतो. कंबर किलो मोजते. या दोन मापांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि गाडी बदलायची म्हणणारे बहुतेक जण भलतंच माप घेऊन शोरूममध्ये जातात.

विम्याचंही तसंच. थर्ड पार्टी विम्याचे २०२२ साली ठरलेले दर बघितले तर १५० ते ३५० सीसीला वर्षाला १,३६६ रुपये, ३५० च्या पुढं २,८०४. नव्या गाडीला पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो, तो ७,३६५ आणि १५,११७. दुप्पट. पण पेन्शनवाल्या माणसाची झोप उडावी असा हा खर्च नाही. सरांची झोप वेगळ्याच कारणानं उडाली होती.

ते कारण सांगायला त्यांनी बरेच आढेवेढे घेतले. पाटोद्याकडं, मुरमाच्या रस्त्यावर, गाडी थांबलेली असताना आडवी झाली. वेगात नाही, वळणावर नाही. उभ्या गाडीवरून त्यांनी पाय टेकवला तिथं जमीन दोन बोटं खोल होती. गाडी एका बाजूला कलली, आणि दोनशे किलो एकदा ठराविक कोनापलीकडं कलले की ते धरणं माणसाच्या हातात राहत नाही. सर बाजूला झाले, गाडी निजली. लागलं काहीच नाही. मग ती उभी करायला रस्त्यानं कुणी येईपर्यंत थांबावं लागलं.

पडलेली जड गाडी एकट्यानं उचलायची रीत आहे, आणि ती ताकदीची नाही. आधी इंजिन बंद. गाडी उजव्या कुशीवर पडली असेल तर डावीकडचा साईड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, गिअर टाकून ठेवायचा म्हणजे चाक घरंगळत नाही. मग गाडीकडं पाठ करायची, सीटला ढुंगण टेकवायचं, एका हातात खालच्या बाजूला गेलेलं हँडल, दुसऱ्या हातात मागचा दांडा, आणि छोटी छोटी पावलं मागं टाकत पायांच्या जोरावर तिला उभी करायची. पाठ वाकवायची नाही. हे सगळं यूट्यूबवर बारीक अंगाच्या बाया करून दाखवतात. सपाट डांबरावर. मुरमात बूट सरकतात, आणि साठीतल्या गुडघ्यांना पावलं मागं टाकत भार पेलायची सवय नसते.

तिथून सरांच्या वागण्यात एक बदल झाला. तो मला त्यांच्याबरोबर नाथांच्या फेरीला गेलो तेव्हा दिसला. आपल्या जिल्ह्यात टूरिंग म्हणावं असं जे आहे ते हेच आहे. नगर जिल्ह्यातलं मढी, मग गर्भगिरीच्या डोंगरात आष्टी तालुक्यातलं मायंबा-सावरगावचं मच्छिंद्रनाथांचं ठाणं, पाटोद्याच्या बाजूला चिंचोलीचा गहिनीनाथगड, आणि पाय वळलेच तर सौताड्याचा रामेश्वराचा धबधबा. उंचसखल माळ, सीताफळाची झुडपं, मध्येच नायगावच्या मयूर अभयारण्याचा पट्टा. सर पुढं त्यांच्या गाडीवर, मी मागं माझ्या सव्वाशेवर. मी जिथं वाटलं तिथं थांबत होतो. सर थांबत नव्हते. मोर दिसला तरी नाही. थांबायला त्यांना सपाट जागा लागायची, वळायला रुंद रस्ता लागायचा, आणि फाटा चुकला तर पुढच्या गावाच्या चौकापर्यंत तसंच जावं लागायचं. उतारावर नाक खाली करून उभी केलेली गाडी मागं ओढणं त्यांच्यानं होत नव्हतं. होंडाची गोल्डविंग नावाची १,८३३ सीसीची, साडेतीनशे किलोच्या वरची टूरिंग गाडी आहे. तिला रिव्हर्स दिलेला असतो. आपल्याकडच्या दोनशे किलोवाल्यांना तो नाही, तिथं रिव्हर्स म्हणजे मालकाचे पाय.

त्यामुळं सर हंपीला सहज जात आणि शेजारच्या वस्तीवर जायचं टाळत. मावसभावाच्या शेतातल्या घरी पाऊस पडून गेल्यावर ते जातच नाहीत. गेवराई-माजलगावकडची काळी माती ज्यानं बघितली आहे त्याला कारण सांगायला नको. चार पावलं गाडी गेली की टायर आणि मडगार्डच्या मध्ये ती ठासून बसते, चाक फिरायचं थांबतं, आणि काडीनं माती उकरत बसावं लागतं. स्प्लेंडर असली तर दोघं धरून बांधावरून उचलून नेतात. ११२ किलोची गाडी आहे. मोठ्या गाडीला चिखलात ताकद भरपूर असते, फक्त ती अडकल्यावर माणसाची ताकद पुरत नाही.

एवढं सगळं लिहून मोठ्या गाडीवर अन्याय करायचा नाही. राष्ट्रीय महामार्ग ५२ वर, म्हणजे गेवराई-बीड-मांजरसुंबा-चौसाळा अशा चौपदरी रस्त्यावर, ती गाडी काय सुख देते ते मी मागं बसून अनुभवलंय. मांजरसुंब्याचा घाट चढताना गिअर उतरवावा लागत नाही. शेजारून कंटेनर गेला की त्याच्या वाऱ्यानं माझी सव्वाशे हातभर सरकते, सरांची जागची हलत नाही. पाच-सहा तास बसून माणूस उतरला तरी हातांना मुंग्या नसतात. रात्री हेडलाईटचा झोत लांब पडतो, आणि आपल्याकडं गळिताच्या हंगामात त्याची किंमत जिवाएवढी असते. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मागच्या दिव्याशिवाय चाललेले असतात आणि ते जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत.

पण याच रस्त्यावर मोटारसायकलची कायदेशीर वेगमर्यादा किती? केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी रस्त्याला ताशी ८० किलोमीटर. दुपदरीला ६०. आणि ज्या रस्त्यावर खरोखर पळवता येईल त्या समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदीच आहे. जुनीपानी मारुती ८०० समृद्धीवर जाऊ शकते, चार लाखांची मोटारसायकल नाही. ८० च्या वेगाला दीडशे-एकशेसाठ सीसीचं इंजिनही पुरतं; फक्त ते कुरकुरत पुरतं आणि चढाला हात पूर्ण पिळावा लागतो. धारूरच्या घाटात तर प्रश्नच मिटतो. अरुंद रस्ता, आंधळी वळणं, समोरून येणारी एसटी. तिथं चाळीस अश्वशक्तीचा मालक आणि आठ अश्वशक्तीचा मालक एकाच वेगानं, एकाच भीतीनं चालतात.

बार्शी रोडवरच्या मिस्त्रींचं मत मी वेगळं विचारलं. ते म्हणाले, "मोठ्या गाडीला काय होत नाही बघा. अन् झालं तर ते बीडात होत नाही." म्हणजे पार्ट मागवावा लागतो, नाहीतर गाडी संभाजीनगरला न्यावी लागते. पण त्यांचा खरा राग पंक्चरवर होता. तारांच्या चाकात ट्यूब असली आणि बाभळीचा काटा घुसला की मागचं चाक खोलावं लागतं. मेन स्टँड नसलेल्या जड गाडीचं चाक माळावर कसं खोलणार? दगड लावून, चार माणसं धरून. मिस्त्रींच्या हाताखालच्या पोरानं तेवढ्यात विचारलं, "सर गाडी काढणारेत का? किती म्हणतेत?"

जगभर फिरणारे लोक याबाबतीत काय करतात, हेही मी सरांना वाचून दाखवलं. लोइस प्राइस ही ब्रिटिश बाई २००३ साली यामाहाच्या २२५ सीसीच्या गाडीवर अलास्काहून निघाली आणि अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला जाऊन पोचली. आपले योगेश आळेकरी २०२५ मध्ये मुंबईहून केटीएम ३९० वर इंग्लंडपर्यंत गेले. गाडीनं त्यांना दगा दिला नाही, नॉटिंगहॅममध्ये ती चोरीला गेली तेवढंच. सर शांतपणे म्हणाले, "त्या बाईच्या मागं कुणी बसलेलं नव्हतं."

त्यांच्या मागं वहिनी असतात. आणि इथं कुठल्याही गाडीच्या परीक्षणात न सापडणारी गोष्ट येते. वहिनी नऊवारी नाही, पाचवारी नेसतात, आणि एका बाजूला बसतात. टूरिंग गाडीची सीट उंच. वर सांगितलेल्या हिमालयनची सव्वाआठशे मिलिमीटर, म्हणजे बत्तीस इंचांच्या वर, आणि मागची जागा त्याहून चढती. डावीकडं पेटीचा सांगाडा आला की पाय ठेवायला जागा उरत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत, १९८९ च्या नियमावलीत, १२३ वा नियम आहे: मागं बसणाऱ्याला धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून निम्मं चाक झाकेल एवढी जाळी हवी. लोखंडी सांगाडा बसवताना पहिली काढली जाते ती ही जाळी. सरांनीही काढली होती. वहिनी हंपीला सलवार घालून गेल्या, दुतर्फा पाय टाकून बसल्या, आणि परत आल्यावर म्हणाल्या की लांब जायचं असलं तर मी येईन, पण इथल्या इथं लग्नाला, दवाखान्यात, बाजारात जायला या गाडीवर बसायची नाही. मग घरात स्कूटर आली. ती वहिनी चालवतात, आणि सर मागं बसतात. गाव हसायलंय ते यालाच.

तर ३५० वाली वजनात नापास झाली. मग आम्ही हिरोची एक्सपल्स २०० बघितली. १६० किलोच्या आसपास, मुरमाच्या रस्त्यावर पाखरागत जाते. सर बसले, आणि दोन्ही पायांचे चवडेच टेकले. सीटची उंची तीच, सव्वाआठशे. हलकी गाडी घ्यायची तर ती उंच निघते, बुटकी घ्यायची तर ती जड निघते, आणि दोन्ही जमवलं तर ती दिसायला मास्तरची गाडी निघते. अशी तिसरी गाडी म्हणजे होंडाची युनिकॉर्न. १६२ सीसी, वजन १४० किलोला टेकलेलं, सीट ७९८ मिलिमीटर, कंपनीची साडी-जाळी लावलेली. सत्तावीस मिलिमीटरचा फरक कागदावर हसण्यावारी नेण्यासारखा आहे. जमिनीवर तो चवडा आणि टाच यांच्यातला फरक आहे.

सरांचा चेहरा उतरला. "म्हणजे फिरून हिरो होंडावरच," ते म्हणाले.

मला वाटतं गाडी बदलण्यातली खरी अडचण हीच असते आणि ती पैशांची नसते. आपल्याकडं माणूस मोठ्या गाडीवर दिसला की त्याचं बरं चाललंय, लहानीवर आला की काहीतरी बिनसलंय. बुलेटवर फिरणारा ऊसतोडीचा मुकादम पुढच्या हंगामात स्प्लेंडरवर दिसला तर त्याच्याकडून उचल घ्यायला टोळ्या दोनदा विचार करतात. सरांनाही चहाच्या टपरीवर दहाजणांना दहादा उत्तर द्यावं लागणार होतं.

आणि या जिल्ह्यात सर्वांत लांबचा प्रवास कुठली गाडी करते, हे बघायला लांब जावं लागत नाही. ऊसतोडीला निघालेल्या टोळीचा ट्रक बघा. खाली संसार, पत्र्याच्या पेट्या, बाजरीची पोती, लेकरं. आणि वर दोरीनं करकचून बांधलेली एक शंभर सीसीची मोटारसायकल. ती सांगलीला, कोल्हापूरला, कर्नाटकात जाते. सहा महिने फडावरून बाजारात, बाजारातून दवाखान्यात, बाळंतिणीला मध्ये बसवून ट्रिपल सीट. चैत्र-वैशाखात तशीच बांधून परत येते. तिला टूरिंग कुणी म्हणत नाही. तिच्या मालकाला गाडी बदलावी का हा प्रश्न पडतो तो हप्ता थकल्यावर. परळीचा आणि एखाद्या कोपऱ्याचा अपवाद सोडला तर हा जिल्हा रेल्वेवाचूनच राहिला. बीड शहरात गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला, अहिल्यानगर-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाचं काम दशकानुदशकं रखडल्यावर. तोवर आमची लोकल म्हणजे मोटारसायकलच होती, आणि ती कधी साडेतीनशेच्या रेषेपर्यंत पोचलीसुद्धा नव्हती.

पैशांचा हिशेब शेवटी सरांच्या बाजूनं पडला, तोही करामुळंच. नवी मोठी गाडी ४० टक्क्यांमुळं महागली, म्हणून वापरलेल्या मोठ्या गाडीला मागणी टिकली. लहान नवी स्वस्त झाली, म्हणून तिच्या जुन्या बहिणीचे भाव पडले. म्हणजे मोठी जुनी विकून लहान नवी घेणाऱ्याला दोन्हीकडून फायदा. उलटं करणाऱ्याला दोन्हीकडून फटका. डीलरकडं एक्स्चेंजला देण्यापेक्षा परस्पर विकली तर बरीच जास्त रक्कम येत होती, फक्त ट्रान्सफरची कटकट अंगावर घ्यायची. फॉर्म २९ आणि ३० सह्या करून द्यायचे, विक्रीची खबर आरटीओला चौदा दिवसांत, आणि नाव बदलेपर्यंत गाडी अनोळखी माणसाच्या हवाली करायची नाही. कारण कागदावर नाव आपलं असेपर्यंत तिनं केलेला अपघातही आपलाच.

लडाखचं काय, हा एकच मुद्दा उरला होता. सरांचं ते राहिलंय. पण लेहला भाड्यानं मोटारसायकली मिळतात, तिथल्या पोरांनी रोज घाटात चालवून ठेवलेल्या. वर्षातल्या दहा दिवसांसाठी उरलेले साडेतीनशे दिवस दोनशे किलो सांभाळायचे का, असं वहिनींनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चहा टाकायला गेल्या.

गिऱ्हाईक गेवराईच्या बाजूचं निघालं. पंचविशीतलं पोरगं, उंचपुरं, बापाची मोसंबीची बाग. त्यानं गाडीला फेरी मारली, पेट्या उघडून बघितल्या, सर्व्हिसचं पुस्तक उघडलंसुद्धा नाही. सरांनी त्याला चेन कधी बदलली, टायर किती चाललाय, सगळं धड्यासारखं सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि विचारलं, "सर, टॉप किती जाते?"

"ऐंशी," सर म्हणाले.

पोरगं हसलं, त्याला वाटलं सर गंमत करतेत. सौदा सांगितलेल्या रकमेत तुटला; पेट्या आणि सांगाडा त्यातच. नाव बदलून आल्यावरच किल्ली, असं सरांनी लिहून घेतलं. युनिकॉर्न बुक झाली आहे. रंगावरून घरात अजून एकमत नाही, पण जाळी मात्र काढायची नाही ही अट वहिनी शोरूममधल्या पोरालाच बजावून आल्यात.